खडकातली करकर

आधी माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील. शब्दही साधेच आहेत, घरात बोलतो तसे. चुका पोटात घाला आणि गोष्ट तेवढी ऐका. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

फार मागची गोष्ट आहे. एका डोंगराच्या आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक गाव होतं. त्याला नाव नव्हतं. जवळपास दुसरं गावच नव्हतं, मग नाव लागतंय कशाला?

गावासमोर, हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, पाण्याखाली पोवळ्याचा एक खडक होता. लांबलचक, किनाऱ्याला समांतर पसरलेला. लोक त्याला ‘थोरला’ म्हणायचे. घरात थोरला भाऊ पुढे उभा राहून मार खातो आणि धाकट्यांना मागे ठेवतो, तसा तो होता. बाहेरून डोंगराएवढ्या लाटा यायच्या, थोरल्याच्या पाठीवर फुटायच्या आणि गावाच्या किनाऱ्याला लागेपर्यंत शेळीसारख्या गरीब व्हायच्या.

थोरला नुसता दगड नव्हता. त्याला फांद्या होत्या, पंखे होते, हरणाच्या शिंगांसारखी शिंगं होती. त्या फांद्यांत नखाएवढे रंगीत मासे राहत. त्यांच्यावर जगणारे तांबोशी होते, कपारीत तोंड वासून बसलेले गोबरे होते, खाली बिळात मिशा हलवत शेवंड होते. आणि वरून कळपाने फिरणारा हिरवा-निळा राघूमासा होता. त्याला पोपटासारखी चोच होती, म्हणून राघू.

थोरल्याचे दोन नियम होते. एक, त्याच्यावर जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा. दोन, राघू धरायचा नाही. का धरायचा नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. कारण कधीतरी वाटेत हरवलं होतं, नियम तेवढा उरला होता.

या गावात धाकू नावाचा एक तरुण राहायचा. लहानपणीच्या एका आजारात त्याचा उजवा हात वाळला होता. त्याला जाळं ओढता येत नसे. मच्छीमारांच्या गावात ज्याला जाळं ओढता येत नाही, त्याला लोक जेवायला वाढतात, पण पंगतीच्या शेवटी. आईबाप गेलेले, वाढवलं आत्याने. तिचं नाव आवडा. ओहोटीला थोरल्याची पाठ उघडी पडली की ती अनवाणी त्याच्यावरून चालत जायची आणि खुरप्याने कालवं काढायची. चाळीस वर्षं तिने तेच केलं होतं. ती म्हणायची, मला डोळ्यांची गरज नाही, माझे तळपाय थोरल्याला ओळखतात.

पण देवाने एका हाताने घेतलं तर दुसऱ्या हाताने दिलं होतं. धाकूला कान होते. त्या गावात अशी रीत होती की होड्या निघायच्या आधी एकाने पुढे जायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवायचं, मूठ कानाला लावायची आणि खाली मासे कुठे बोलतात ते ऐकायचं. मासे बोलतात. काही घोरतात, काही कण्हतात, काही टिचक्या वाजवतात. धाकू नुसतं ऐकून सांगायचा, डावीकडे घोळ मासा आहे, खोल आहे, थोडं थांबा. त्याचं कधी चुकलं नाही. तरी पंगतीतली त्याची जागा शेवटचीच राहिली होती. तो लाजाळू होता, कोणाला काही बोलला नाही. पण ती जागा त्याला बोचत असे.

एका वर्षी मोठं तुफान आलं. तीन दिवस थोरल्याने मार खाल्ला. चौथ्या दिवशी पाणी निवळलं तेव्हा लोकांनी पाहिलं, थोरल्याची उत्तरेकडची बाजू मोडली होती. फांद्यांचा नुसता ढीग पडला होता. म्हातारी माणसं म्हणाली, पूर्वीही असं मोडलं होतं आणि पुन्हा उगवलं होतं, धीर धरा. लोकांनी दोन महिने धीर धरला. पण मोडलेल्या जागेवर नव्या फांद्या काही दिसेनात. उलट तिथे राघूमाशांचे कळप जमायला लागले. दहा होते तिथे पन्नास झाले, पन्नासाचे दोनशे झाले. दिवसभर चोच खाली आणि शेपूट वर.

गावाचा मुख्य होता गोमा नाखवा. सर्वांत मोठी होडी त्याची आणि सर्वांत मोठा आवाजही त्याचाच. त्याने धाकूला बोलावलं आणि सांगितलं, जा, ऐक, थोरल्याला काय होतंय ते बघून ये.

धाकू गेला. वल्ह्याची मूठ कानाला लावून तो सकाळपासून उन्हं कलेपर्यंत बसला. आणि त्याला ऐकू आलं, कर्र, कर्र, कर्र. शेकडो चोची खडकावर घासत होत्या. त्याने वाकून पाहिलं. राघू खडकाला तोंड लावत होता आणि त्याच्या मागून पांढरी भुकटी पाण्यात उतरत होती. 

संध्याकाळी सगळं गाव वाळूवर जमलं. धाकूला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. त्याने खाली बघत एकच वाक्य सांगितलं.

“थोरल्याला राघू खातोय.”

 मग आवडाआत्या उठली. ती म्हणाली, “गोमा, माझ्या आईच्या आईच्या वेळेपासून राघू तिथं आहे. खात असता तर थोरला कधीच संपला असता.”

“आवडाबाय, तू कालवांचं सांग,” नाखवा म्हणाला, “माशांचं आम्ही बघतो.” लोक हसले. मग त्याने धाकूला जवळ बोलावून विचारलं, “तू नक्की ऐकलंस ना?”

“नक्की ऐकलं.”

हे खरंच होतं. धाकूच्या कानांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. कोणी आजारी माणसाच्या उशाशी वैद्याला बसलेला बघावं आणि गावभर सांगावं की हा बसला म्हणून तो आजारी पडला, तसं झालं होतं. पण हे तेव्हा कोणाला सुचलं नाही. त्याच संध्याकाळी दुसरा नियम मोडायचं ठरलं.

पहिल्या दिवशी लोक गंभीर चेहऱ्याने गेले. थोरल्याला हात जोडले, तुझ्यासाठीच करतोय म्हणाले. पण राघू गळाला लागत नाही, त्याला आमिषाची ओढ नसते. मग जाळं टाकावं लागलं. म्हणजे दुसरा नियम पाळायचा नाही म्हणून पहिलाही गेला. जाळ्यांना तळाशी दगड बांधलेले असायचे. ते फांद्यांत अडकायचे, लोक हिसका द्यायचे आणि जाळ्यासोबत हातभर फांद्या तुटून वर यायच्या. लहान मुलं त्या फांद्या घेऊन वाळूत खेळायची. एवढ्याशा फांदीने काय होतंय, असं जो तो म्हणायचा.

मारलेला मासा फेकायचा कसा, म्हणून एका घरात तो शिजवला. तो गोड निघाला. पांढराशुभ्र, काटे मोठे आणि थोडे, मुलांनाही खाता यावा असा. दुसऱ्या दिवशी थोरल्याकडे जाणाऱ्या होड्या दुप्पट झाल्या. थोरल्याला वाचवायला चाललो, असं सगळेच सांगायचे. जिभेचं कोणीच सांगत नव्हतं.

जाळ्यात राघूसोबत तांबोशी आले, गोबरे आले, अंड्यांनी भरलेल्या शेवंडाच्या माद्याही आल्या. ते वर्ष भरभराटीचं गेलं. दारोदार सुकट वाळायला पडली, कुत्री-मांजरं सुस्तावली. आणि धाकूची पंगतीतली जागा बदलली. तो आता नाखव्याच्या शेजारी बसायला लागला. नाखव्याने जाहीर केलं की ज्या दिवशी शेवटचा राघू मरेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकूला मानाचं वल्हं द्यायचं, पितळी कड्यांचं. असं वल्हं त्या गावात पूर्वी फक्त दोघांना मिळालं होतं आणि दोघेही समुद्रात मोठं काम करून मेले होते. जिवंतपणी ते कोणाला मिळालं नव्हतं.

वर्ष संपता संपता राघू दिसेनासे झाले. एक तेवढा राहिला होता, माणसाच्या मांडीएवढा, म्हातारा, चोच झिजलेला. एका दुपारी तोही जाळ्यात सापडला. नाखव्याने तो कौतुकाने धाकूच्या छोट्या होडीत टाकला आणि म्हणाला, हा तूच गावात घेऊन जा. होड्या पुढे गेल्या. धाकू एका हाताने वल्हवत मागे राहिला.

वाटेत दम लागला म्हणून त्याने वल्हं होडीत घेतलं. पातं माशाच्या अंगाला टेकलं आणि मूठ सवयीने कानाला लागली. तेव्हा तो मासा बोलला.

“मारलंस ते ठीक. माशाला माणूस मारतोच. पण मी तुमचं काय चोरलं, ते सांग.”

 धाकू म्हणाला, “तू आमचा खडक खातोस. मी ऐकलंय.”

“मी खडकावरचं शेवाळ खातो,” मासा म्हणाला. “दाताखाली थोडा खडक येतो. अंगण झाडताना थोडी माती निघतेच की. तुफानाने फांद्या मोडल्या, तिथे शेवाळ माजलं. ते काढलं नाही तर पोवळ्याचं बी दगडाला चिकटत नाही. म्हणून आम्ही दोनशेजण तिथे गोळा झालो होतो. आणखी एक साल दिलं असतं, तर तुमच्या डोळ्यांना फांद्या दिसल्या असत्या.”

“पण ती पांढरी भुकटी?”

“ज्या वाळूवर तुम्ही सुकट घालता, ती कुठून आली असं वाटतं तुला? आमच्या पोटातून आली. तुझ्या आजोबाच्या आजोबापासून आली.”

 मासा थोडा वेळ कल्ले हलवत पडून राहिला. मग म्हणाला, “दक्षिणेच्या खोबणीत आमच्यातले सात लपलेत. तुम्हाला वाटतंय मी शेवटचा, पण मी शेवटचा नाही. ते सात ठेवा. सातांचे दोनशे होतील. तू ऐकलंस खरं, पण विचारलं नाहीस. आता तरी गावात सांग. नाही सांगितलंस तर उद्यापासून झाडणार कोण?”

एवढं बोलून तो मेला.

किनाऱ्यावर ढोल वाजत होते. धाकूने होडी लावली तेव्हा चार माणसं पाण्यात उतरून त्याला घ्यायला आली. त्याला उचलून खांद्यावर बसवलं. वाळलेला हात कोणाच्या डोक्यावर टेकवावा हे त्याला कळेना, एवढा तो संकोचला होता. त्या खांद्यावरून त्याला सगळं गाव दिसत होतं. आत्या मागे उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण काही झालं तरी तिने वाढवलेला मुलगा होता.

तो मनात म्हणाला, उद्या सांगेन. वल्हं घेतलं की सांगेन.

दुसऱ्या दिवशी त्याने वल्हं घेतलं. कडी उन्हात चकाकत होती. लोक जेवायला बसले आणि त्याला नाखव्याच्या उजव्या बाजूला बसवलं. पहिला घास त्याला घ्यायला लावला. त्या घासाबरोबर त्याने ते बोलणंही गिळलं. आठ दिवसांनी कोणाच्या तरी जाळ्यात दक्षिणेच्या खोबणीतले सात राघू एकदम सापडले. ताजे फडफडीत. लोक म्हणाले, बघा, आणखी सात चोर निघाले. धाकूच्या ताटातही त्यातला एक तुकडा आला.

त्यानंतर थोरला गप्प व्हायला लागला.

हे आधी कळलं ते धाकूलाच. पूर्वी वल्हं कानाला लावलं की खाली बाजार भरल्यासारखा गलका असायचा. आता त्यातला एकेक आवाज कमी होत गेला. आधी करकर गेली. मग टिचक्या गेल्या. मग कपारीतल्या गोबऱ्यांचं घुमणं गेलं. एक दिवस त्याने वल्हं कानाला लावलं आणि त्याला स्वतःच्या रक्ताचा आवाज तेवढा ऐकू आला. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, मासे आज खोल आहेत.

खडकावर शेवाळ माजलं. आधी हिरवं, मग तपकिरी, मग हातभर लांब केसांसारखं. त्याखाली पोवळी गुदमरली आणि मेली. फांद्याच राहिल्या नाहीत म्हणून नखाएवढे मासे गेले. ते गेले म्हणून तांबोशी गेले.

त्यानंतर कळलं ते आवडाआत्याला. एका ओहोटीला ती नेहमीसारखी अनवाणी निघाली आणि थोरल्याच्या पाठीवर तिचा पाय घसरला. चाळीस वर्षांत कधी घसरला नव्हता. ती कुल्ह्यावर पडली आणि हाड मोडलं. चार बायकांनी तिला उचलून घरी आणलं. धाकू धावत आला.

ती वेदनेने पांढरी पडली होती, तरी तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. तिने त्याचं मनगट धरून विचारलं, “धाकू, थोरला निसरडा कसा झाला रे?”

तो तिथे सांगू शकला असता. बायका परत गेल्या होत्या, घरात तिसरं कोणी नव्हतं. पण एकीला सांगितलं की गावाला सांगावं लागतं.

“थोरल्याला काय झालंय?” तो म्हणाला. “तुझे पाय म्हातारे झाले, आत्या.”

तिने मान हलवली. “असेल बाबा,” ती म्हणाली. त्यानंतर ती कधी खडकाबद्दल बोलली नाही. खाटेवर पडल्या पडल्या ती आपल्या तळपायांवर हात फिरवत राहायची, परक्या माणसाला ओळखायचा प्रयत्न करावा तशी.

मासे मिळेनासे झाले तसं गावात भांडण सुरू झालं. गळवाले म्हणाले, तुम्ही जाळी टाकून मासे संपवले. जाळीवाले म्हणाले, मासे आम्ही नाही संपवले, तुफानाने त्यांचं घर मोडलं, घर नसेल तर राहतील कशाला? अर्धं गाव माशांवरून भांडत होतं, अर्धं घरावरून. घराने मासे जगतात आणि माशांनी घर जगतं, हे दोन्ही एकत्र सांगू शकेल असा त्या गावात एकच माणूस होता आणि तो पितळी कड्यांचं वल्हं पुसत बसला होता.

जवळ मासे नाहीत म्हणून होड्या थोरल्याच्या बाहेर, लांब जायला लागल्या. एकदा दोन सख्खे भाऊ गेले ते परत आले नाहीत. त्यांची आई महिनाभर धाकूकडे येत राहिली. ती म्हणायची, वल्हं लावून ऐक रे, माझी मुलं कुठं बोलतात का. धाकू खरंच ऐकायचा. आणि नाही म्हणायचा.

किनारा बारीक झाला. दर वर्षी नवी वाळू यायची ती येईनाशी झाली आणि होती ती समुद्र घेऊन गेला. जिथे सुकट वाळायची तिथे काळी खडी वर आली.

तुफानानंतरच्या पाचव्या वर्षी दुसरं तुफान आलं. पहिल्यापेक्षा ते लहान होतं, असं म्हातारे सांगायचे. पण पुढे उभा राहून मार खायला आता कोणी नव्हतं. मेलेला थोरला आतून पोखरला होता. त्याचे लचके निघाले आणि भर दुपारच्या भरतीला लाट सरळ गावात आली. पहिली लाट अंगणात आली. दुसरी चुलीत आली. तिसरीने भिंती नेल्या. लोक मुलांना घेऊन डोंगरावर पळाले. धाकूने आत्याला पाठीवर घेतलं. वाळलेला हात तिला धरू शकत नव्हता, म्हणून तिनेच त्याच्या गळ्याला मिठी मारली. घरातून निघताना तिने एकच वस्तू घेतली होती, तिचं खुरपं. मानाचं वल्हं आढ्याला टांगलेलं होतं. ते घराबरोबर गेलं.

संध्याकाळी वारा पडला. डोंगराच्या सपाटीवर सगळे बसले होते. खाली गाव नव्हतं. विहिरीच्या जागी समुद्र हलत होता. अकरा माणसं कमी होती. कोणी रडत नव्हतं, रडायला लागेल एवढीही ताकद नव्हती.

तेव्हा धाकू उठून उभा राहिला. या वेळी त्याने खाली पाहिलं नाही. त्याने सगळं सांगितलं. करकर कशाची होती ते सांगितलं, मासा काय बोलला ते सांगितलं, सात राघूंचं सांगितलं आणि चार वर्षं तो गप्प का बसला तेही सांगितलं. पंगतीतल्या जागेसाठी, असं त्याने स्पष्ट म्हटलं. त्याला वाटलं होतं लोक त्याला कड्यावरून ढकलतील. तशी त्याची तयारी होती.

कोणी उठलं नाही. गोमा नाखवा तेवढा बोलला. त्याचा आवाज आता मोठा राहिला नव्हता. त्याचा नातू त्या अकरांत होता.

“तू सांगितलं असतंस,” तो म्हणाला, “तर आम्ही ऐकलं असतं का रे?”

 प्रत्येकाला आपल्या जिभेवरची ती चव आठवत होती.

धाकू आत्याजवळ जाऊन बसला. तिचा श्वास लागला होता. ती शिव्या देईल म्हणून तो वाट बघत राहिला. तिने त्याला खूण करून जवळ बोलावलं.

“म्हणजे माझे पाय बरोबर होते,” ती म्हणाली.

“हो आत्या. तुझे पाय बरोबर होते.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि खुरपं त्याच्या चांगल्या हातात दिलं. अंधार पडायच्या आत ती गेली. त्याला तिने माफ केलं की नाही, हे ती बोलली नाही. ते त्याला कधीच कळलं नाही.

बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, या गोष्टीचा बोध एवढाच: कुरतडताना दिसला म्हणून ज्याला चोर ठरवाल तोच घर झाडत असेल, तेव्हा पुरतं विचारल्यावाचून कोणाला घालवू नये, आणि चूक कळली की मानासाठी गप्प बसू नये.

आता दुसऱ्या दिवशीची सकाळ राहिली. उजाडल्यावर लोकांनी उरलंसुरलं डोक्यावर घेतलं आणि डोंगराच्या पाठीवरून दुसरा किनारा शोधायला निघाले. धाकूला कोणी ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. तो उलट्या वाटेने खाली उतरला. ओहोटी होती. थोरल्याची पाठ उघडी पडली होती, केसाळ आणि तपकिरी, जागोजागी खचलेली. तो रांगत तिच्यावर चढला. चढताना दोनदा घसरला. मग गुडघे रोवून बसला आणि खुरप्याने शेवाळ खरवडायला लागला. वाळलेल्या हाताने तो निघालेलं शेवाळ बाजूला लोटत होता. भरती येऊन पाणी कमरेला लागेपर्यंत सुपाएवढी जागा साफ झाली. एवढ्या वेळात एका राघूने याच्या चौपट झाडलं असतं.

तो दम खायला थांबला आणि पुन्हा खुरपं चालवलं. कर्र, कर्र, कर्र. दुसरं काही वाजत नव्हतं. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता.